तीनशे एक्केचाळिसावं वाक्य

१

बोलक्या पुस्तकांच्या त्या ग्रंथालयात ध्वनिमुद्रकाला चोवीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एकही रेकॉर्डिंग हरवलं नव्हतं. हे तो स्वतः कधी बोलून दाखवत नसे. ग्रंथपाल बाई दाखवत. आल्या-गेल्या प्रत्येकाला, अगदी त्याला कानकोंडं होईपर्यंत.

त्याची जागा तळमजल्यावर, दोन खोल्यांची. एका खोलीत यंत्रं, पडदे आणि त्याची खुर्ची. मध्ये दुहेरी काच. काचेपलीकडे स्टुडिओ: भिंतींना राखाडी स्पंज, एक टेबल, एक खुर्ची, एक माईक. वाचणारा तिकडे बसे, हा इकडे.

सोमवारी सकाळी तो आला तेव्हा टेबलावर बाईंची चिठ्ठी होती. सर्व्हर भरत आलाय, नको असलेलं जुनं काढून टाका. सर्व्हर म्हणजे वरच्या मजल्यावर एका कपाटात घुमत बसलेला डबा. ग्रंथालयातली सगळी मंडळी आपापल्या फाइली त्याच्यातच ठेवत. त्याने चहाचा कप डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने आवराआवर सुरू केली. अर्धवट सोडलेली वाचनं, चाचण्या, कोणाच्या तरी खोकल्याचे तुकडे. दोन खिडक्या शेजारीशेजारी उघड्या होत्या. 'हे कायमचं काढून टाकायचं का?' असं यंत्राने विचारलं, ते दर वेळी विचारायचं. त्याने हो म्हटलं, तोही दर वेळी म्हणायचा.

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. कप खाली ठेवताना त्याचं लक्ष गेलं. भलत्याच खिडकीतली भलतीच ओळ निवडली गेली होती. 'वाक्यं' नावाचं फोल्डर जागेवर नव्हतं.

त्यात त्याच्या बायकोचा आवाज होता.

२

पाच आठवड्यांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. ती पोहायला शिकवायची. तलावाच्या या काठावरून तिने हाक मारली की त्या काठावरचं पोर निमूट हातपाय मारायला लागायचं, अशी तिची ख्याती. डॉक्टरांनी तारीख दिली तेव्हा दोघांनी कुठूनतरी शोधून काढलं की एक कंपनी तीनशे चाळीस वाक्यांची यादी देते. तेवढी वाक्यं आधी रेकॉर्ड करून ठेवली की पुढे माणसाने टाइप करायचं आणि यंत्राने त्याच्या आवाजात बोलायचं.

दोन आठवडे रोज संध्याकाळी ती काचेपलीकडे बसली. यादी भयंकर होती. 'कृपया आपण आसनस्थ व्हा.' 'तुम्ही दिलेली माहिती उपयुक्त आहे.' सतराव्या वाक्याला तिला हसू आवरेना. "असं कोण बोलतं रे? या बाईशी मी तर ओळखसुद्धा ठेवली नसती."

वाक्यं येत्या गुरुवारी कंपनीला पाठवायची होती. एक प्रत घरी नेऊन ठेवायची, असं तो रोज म्हणत होता. जगाला दोन-दोन प्रती ठेवायला शिकवणारा माणूस, दिव्याखाली अंधार. घरात तिच्या आवाजाचं म्हणून तलावावरचे चार व्हिडिओ होते, आणि त्यात तिच्यापेक्षा पाणीच जास्त बोलत होतं.

त्याने नेटवर्क ताईला फोन लावला. ग्रंथालयाची आणि आणखी दहा कचेऱ्यांची यंत्रं ती सांभाळायची, तीही फोनवरूनच. त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं.

"काका, आधी माउसवरचा हात उचला," ती म्हणाली. "काही म्हणजे काही दाबू नका. आता सांगा, काय उडवलंत?"

"बायकोची रेकॉर्डिंगं होती."

"मग आज घरी जाऊ नका." ती हसली. "घाबरू नका हो. तो डबा दर तासाला सगळ्याचा एक फोटो काढून ठेवतो. आजचे तासातासाचे आहेत, आणि मागच्या दोन आठवड्यांचा रोजचा एकेक. दहा वाजताची प्रत उघडा. फोल्डर तिथे असेल. बाहेर कॉपी करून घ्या. फक्त 'परत आणा' दाबू नका, नाहीतर बाकीच्यांचं सकाळचं काम पुसलं जाईल."

ती सांगत गेली तसं तो करत गेला. फोल्डर होतं. त्याच्या पाठीवरचा घाम गार झाला.

"तुमचे उपकार कसे फेडू, ताई?"

"दुसरी प्रत ठेवून," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

३

तो मोजणारा माणूस होता. म्हणून त्याने मोजलं. कॉपी झालेल्या फाइली तीनशे त्रेचाळीस होत्या.

यादी खणात होती, प्रत्येक वाक्यासमोर त्याच्या हातची बरोबरची खूण. तीनशे चाळीसच. जास्तीच्या तीन फाइलींना ओळीने पुढचे क्रमांक होते. पहिलीची वेळ शुक्रवारी दुपारी तीनची. दुसरीची आज सकाळी नऊची. तिसरीची दहाला पाच कमी.

कोणीतरी चुकून दुसरं काहीतरी इथे टाकलं असेल, असं म्हणत त्याने हेडफोन चढवले आणि तीनशे एक्केचाळिसावी फाइल लावली.

"सांगायचं राहिलं," बायको म्हणाली.

स्वच्छ, जवळून, ऑपरेशनच्या आधीच्या आवाजात. नंतर काही सेकंद नुसती शांतता.

त्याने ती पुन्हा लावली. या वेळी शब्द सोडून शांतता ऐकली. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि या धंद्यात केस पांढरे केलेल्याला ती ओळखता येते. ही त्याच्याच स्टुडिओतली होती. तिच्यात बारीक टिकटिक होती, हवेच्या झडपेची. ती झडप गेल्या बुधवारी बिघडली होती. दुरुस्तीवाल्याला त्याने स्वतः फोन केला होता.

म्हणजे हे बुधवारनंतरचं होतं. शुक्रवारी तीन वाजता तो कुठे होता? इथेच, याच खुर्चीत, एका प्रवासवर्णनाच्या वाचनातले श्वासांचे आवाज कापत. समोर काच, आणि काचेपलीकडे रिकामी खुर्ची.

त्याने दुसरी फाइल लावली.

"मला इथेच ठेवून गेलात तुम्ही."

मग तिसरी लावली.

"ती घरी आहे ना?"

४

आता डोकं चालवायचं, असं त्याने स्वतःला बजावलं. जुनी वाक्यं तोडून-जोडून कोणीतरी नवी केली असतील. असला उद्योग त्याने स्वतः हजारदा केला होता. त्याने पडद्यावरची आवाजाची रेघ मोठी करून पाहिली. सांधा कुठे नव्हता. शिवाय 'ठेवून' हा शब्द तीनशे चाळीस वाक्यांत कुठेच नव्हता.

अकराला त्याने ताईला पुन्हा फोन केला.

"मशीनने बनवली असतील," ताई म्हणाली. "आजकाल कोणाचाही आवाज काढतात."

"वाक्यं अजून कोणाला दिलेलीच नाहीत."

"बरं, थांबा. मी इथून बघते." तिच्या बोटांचा आवाज आला. मग तो थांबला. "काका, तुम्ही फोल्डर किती वाजता उडवलंत?"

"दहा चाळीसला."

"मग अकराच्या प्रतीत ते कसं आहे?"

त्याने प्रतींची यादी उघडली. आता तिथे अकराची प्रत होती. तिच्यात 'वाक्यं' होतं, आणि आत तीनशे चव्वेचाळीस फाइली.

"फोल्डरच नाही तर डबा फोटो कशाचा काढेल?" ताई म्हणाली. तिचा स्वर अजून नेहमीचा होता, पण ती हळू बोलत होती. "या प्रतींमध्ये कोणाला काही लिहिता येत नाही. तुम्हाला नाही, मला नाही. मी ऐकू का ती नवीन?"

"नको," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही कळलं नाही. फोन टेबलावर ठेवून त्याने ती स्वतः ऐकली.

"तिला बोलवा."

स्टुडिओला कुलूप होतं. किल्ली त्याच्याच खिशात. त्याने दार उघडलं, दिवा लावला. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली, हेडफोन खुंटीला, सगळं शुक्रवारी ठेवलेलं तसं. माईकवरचा स्पंजचा टोप जरा तिरका वाटला म्हणून त्याने तो सरळ करायला हात लावला.

टोप ओला होता. आणि कोमट. तासभर कोणी तोंडाजवळ घेऊन वाचलं की होतो, तसा.

त्याने बोटं पँटला पुसली. छतातून पाणी ठिबकलं असेल, असं म्हणून वर पाहिलं. छत कोरडं ठणठणीत होतं.

५

साडेअकराला दाराच्या काचेवर टकटक झाली आणि तो खुर्चीतून अर्धा उठला. दारात बायको होती. दोन वाजता दवाखान्यात तपासणी होती, दोघांनी इथूनच जायचं ठरलं होतं. ती लवकर आली, एवढंच. कोणी बोलावलं नव्हतं.

गळ्याशी सुती रुमाल, हातात पाटी. त्या रुमालाखालच्या भोकातून ती आता श्वास घेई. नाकातोंडातून वारा येणं-जाणं बंदच झालं होतं. चहावर फुंकर मारणंसुद्धा गेलं होतं. पोहणं तर पहिल्याच दिवशी गेलं.

त्याचं तोंड पाहून तिने पाटीवर लिहिलं: 'काय झालं? माझा आवाज विकून खाल्लास?'

लपवणं त्याला कधी जमलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं, चुकीच्या खिडकीपासून ओल्या टोपापर्यंत. ती उभ्याउभ्याच ऐकत राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि हेडफोनसाठी हात पुढे केला.

चारही फाइली तिने ऐकल्या. आपला गेलेला आवाज ऐकताना ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. अनोळखी माणसाने दार वाजवल्यावर आपण आतून कानोसा घेतो, तसा तिचा चेहरा झाला होता.

'ही कोण?' तिने लिहिलं.

"तूच आहेस. तुझाच आवाज आहे."

तिने मान हलवली. पुसलं, पुन्हा लिहिलं. 'गेलात तुम्ही? मी कधी तुला अहोजाहो केलंय?'

सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने त्याला एकदाही 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. त्यावरून त्याची आई पहिलं वर्षभर धुसफुसत होती. आणि चार-चारदा ऐकून हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. 'तुम्ही' फक्त यादीतल्या वाक्यांत होतं. ही जी कोण बोलत होती, तिला बोलणं यादीपुरतंच येत होतं. बाकीचं ती शिकत होती.

पडद्याच्या कोपऱ्यात बारा वाजले. कोणी काही न दाबता यादीत एक ओळ वाढली. दोघांनी ती एकदमच पाहिली. तीनशे पंचेचाळीस. तो माउस धरणार तेवढ्यात बायकोनेच तो धरला. आवाज आता खोलीतल्या मोठ्या स्पीकरमधून आला.

"आली."

६

ती उठली आणि स्टुडिओकडे निघाली. त्याने दंड धरला.

"अगं, आपण जाऊ इथून. आत्ताच जाऊ."

तिने त्याचा हात सोडवला आणि पाटीवर दोन शब्द लिहिले. 'बघू दे.' पाण्याला घाबरणाऱ्या पोरांपुढे ती नेहमी अशीच आधी स्वतः उतरायची.

ती आत गेली. खुर्ची ओढून माईकसमोर बसली. दार आपोआप मिटलं. तो काचेच्या या बाजूला उभा होता. सवयीने त्याने माईक चालू केला, हेडफोन कानाला लावले. झडपेची टिकटिक. तिच्या रुमालाखालची बारीक सुंऽसुं, ती त्याच्या आता ओळखीची होती. ओठ घट्ट मिटलेले. तिने त्याच्याकडे पाहून खांदे उडवले, आणि काचेकडे पाठ करून खोलीभर नजर फिरवली. काही नाही.

मग त्याला दुसरा श्वास ऐकू आला.

तोंडाने घेतलेला. सावकाश, पोट भरून. त्यामागून ओठ सुटतानाचा तो चिकट, बारीक आवाज. वाचायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक वाचणाऱ्याचा येतो तो. चोवीस वर्षं त्याने हे आवाज कापून टाकले होते, ओळखण्यात चूक होण्यासारखी नव्हती. यंत्रावरचा काटा वर उठला आणि खाली बसला.

बायको खुर्चीतच होती, काचेपासून दोन हात लांब. तिच्या आणि त्याच्या मधल्या काचेवर, आतल्या बाजूने, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर एक वाफेचा ठसा उमटला. बशीएवढा झाला. विरला. पुन्हा उमटला, या वेळी मोठा, कारण जे काही होतं ते काचेच्या जवळ आलं होतं. ठशाच्या मधोमध दोन कोरड्या रेघा होत्या, एकीखाली एक. त्या एकमेकींपासून सुटू लागल्या.

त्याने दार कसं उघडलं, तिला कसं ओढून बाहेर काढलं, ते त्याला नंतर आठवेना. हेडफोनची वायर मात्र यंत्रातून उपटून आली होती आणि त्याच्या गळ्यात तशीच लोंबत होती. त्याने स्टुडिओला कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं.

बायकोने काच पाहिली नव्हती, तिची पाठ वळलेली होती. पण तिचा हात रुमालावर होता, भोक झाकून घ्यावं तसा.

'कोणीतरी इथे बोट लावलं,' तिने लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली होती.

७

टेबलापाशी बसून तिने पाटी पुसली. मग तिने लिहिलं: 'सगळं काढून टाक. तीनशे चाळीससुद्धा.'

"दोन आठवड्यांपूर्वीच्या प्रतीत जुनी तेवढीच आहेत. मी पाहिलंय. ती चांगली आहेत गं. तीच कंपनीला देऊ."

'उष्टा आवाज नको मला.'

"मग तू बोलणार कशी?"

'परक्या बाईच्या आवाजात. निदान ती परकी आहे हे माहीत तरी असेल.'

सतरावं वाक्य तेवढं ठेवू, असं म्हणत त्याने माउसला हात घातला. त्यात तिचं हसणं होतं, ते त्याने मुद्दाम कापलं नव्हतं. तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि दाबून धरला. तिच्या डोळ्यांत आता पाणी होतं. पण हात तिने उचलला नाही.

त्याने आपल्या यंत्रावरची कॉपी पुसली. मग ताईला फोन करून सगळ्या प्रतींमधून 'वाक्यं' काढून टाकायला सांगितलं, मागच्या दोन आठवड्यांसकट.

"तसं एकेक फोल्डर काढता येत नाही. प्रतीच्या प्रती टाकाव्या लागतील. काका, मग परत मागाल तर मी ब्रह्मदेवाला आणलं तरी मिळायचं नाही."

"ग्रंथपाल बाईंना मी सांगतो. तुम्ही टाका."

ताईने आणखी दोनदा विचारलं. त्याने दोनदा हो म्हटलं. यंत्रं बंद केली, किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली, आणि बायकोला घेऊन तो बाहेर पडला.

८

दवाखान्याच्या बसचा थांबा कोपऱ्यावरच होता. वर पत्रा, खाली एक लांब बाक. बाकावर ती दोघंच होती. ऊन चांगलं लख्ख होतं. रस्त्यापलीकडे एक माणूस दुकानाची काच पुसत होता. बायको त्याच्याकडे पाहत होती, आणि तिने नवऱ्याचा हात धरून ठेवला होता. त्याला वाटलं, झालं एवढं झालं. आवाज गेला, पण माणूस आहे.

फोन वाजला. पडद्यावर 'नेटवर्क ताई'.

"काढल्या सगळ्या," ती म्हणाली. "डबा चाटूनपुसून साफ. मी दोनदा तपासलं. काही उरलेलं नाही."

"फार बरं केलंत."

"काका, जरा... तुमच्याजवळ ज्या बोलतायत ना, त्यांना एक मिनिट थांबायला सांगा. मला तुमचं काही ऐकू येत नाहीये."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. त्याचा चेहरा बदललेला पाहून तिने भुवया उंचावल्या, काय म्हणून विचारलं. त्याने दुसऱ्या कानावर हात दाबून धरला. फोनमधून फक्त ताईच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता.

"थांबल्या," ताई म्हणाली. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज एखाद्या लहान मुलीसारखा झाला होता. "त्या तुमच्याशी नव्हत्या बोलत, काका. त्यांनी माझं नाव घेतलं. माझं नाव त्यांना कोणी सांगितलं?"

ताईचं नाव त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.